काट्यांची साक्ष

मोटारीचा इतिहास लिहिणारे लेखक बहुधा इंजिनाचा, चाकांचा आणि शर्यतींचा इतिहास लिहितात. चालकाच्या डोळ्यांसमोर अहोरात्र असणाऱ्या लहानमोठ्या तबकड्यांकडे त्यांचे लक्ष क्वचितच वळते. कारखान्यातून तयार होऊन आलेली मोटार विकत घेणाऱ्यालाही त्यांचा विचार करण्याचे कारण पडत नाही. कारखानदाराने जे दाखवावयाचे ठरविले तेवढेच तो पाहतो. परंतु जो मनुष्य आपल्या घरामागील छपरात स्वतःच्या हाताने मोटार बांधतो, त्याच्यापुढे एके दिवशी एक कोरी फळी येऊन उभी राहते. तिच्यावर काय बसवावयाचे, हे त्याला कोणी सांगत नाही. आपल्या यंत्राविषयी आपल्याला काय काय कळले पाहिजे आणि काय कळले नाही तरी चालेल, ह्याचा निर्णय त्यालाच करावा लागतो. ह्या निर्णयामागे सुमारे शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तोच प्रस्तुत लेखात थोडक्यात मांडण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम त्या फळीविषयीच दोन शब्द. आज आपण जिला डॅशबोर्ड म्हणतो, ती मुळात घोड्याच्या गाडीची चिखलफळी होती. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल आत बसलेल्यांच्या अंगावर येऊ नये म्हणून गाडीच्या पुढील बाजूस लाकडाची वा कातड्याची आडवी फळी लावीत. पुढे घोडा गेला, त्याच्या जागी इंजिन आले; तरी फळी राहिली आणि तिचे नावही राहिले. आरंभीच्या मोटारींत ह्या फळीवर फारसे काही नसे. फोर्ड कंपनीच्या प्रसिद्ध मॉडेल टी गाडीत पेट्रोल किती उरले हे पाहावयाचे झाल्यास बैठक उचलून टाकीत लाकडी पट्टी बुडवावी लागे. फॉक्सवॅगनच्या बीटल गाडीलाही 1960च्या दशकाच्या आरंभापर्यंत पेट्रोलचा काटा नव्हता. टाकी संपत आली की चालक पायाने एक तोटी फिरवून राखीव साठा सुरू करी.

ह्या फळीवर जी यंत्रे पुढे आली, ती सर्वच मोटारीसाठी जन्मलेली नव्हती. दाबमापकाचेच उदाहरण घ्यावे. पॅरिस येथील यंत्रकार युजेन बुर्दाँ ह्याने 1849 मध्ये वाकविलेल्या चपट्या नळीच्या दाबमापकाचे पेटंट घेतले. नळीत दाब वाढला की ती किंचित उलगडते, आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा त्या हालचालीने फिरतो. वाफेच्या इंजिनांचे बॉयलर फुटून माणसे मरत, अशा काळात ह्या साध्या नळीने असंख्य जीव वाचविले. अर्धशतकानंतर तीच नळी मोटारीतील तेलाचा दाब दाखवू लागली, आणि आजही यांत्रिक पद्धतीच्या तेलमापकात तीच असते.

वेगमापकाचा जन्म मात्र रस्त्यावरच्या मोटारीशी अधिक निगडित आहे. स्ट्रासबुर्ग येथील ओटो शुल्त्से ह्याने 1902 मध्ये ज्या रचनेचे पेटंट घेतले, ती रचना पुढे सत्तर-ऐंशी वर्षे जगभर चालली. गिअरपेटीतून निघालेली लवचीक तार एका लोहचुंबकाला फिरविते. त्या चुंबकावर, त्याला स्पर्श न करता, ॲल्युमिनियमची एक लहान वाटी बसविलेली असते. फिरणाऱ्या चुंबकामुळे वाटीत विद्युत्प्रवाहाचे भोवरे उठतात आणि वाटी त्याच्या मागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचून धरते. ह्या दोन ओढींचा जेथे तोल साधतो, तेथे काटा थांबतो. वेग मोजण्याची निकड कायद्यानेही निर्माण केली होती. इंग्लंडात 1896 च्या कायद्याने वेगाची मर्यादा ताशी 14 मैल व 1903 च्या कायद्याने ताशी 20 मैल ठरली. पोलिसाच्या हाती घड्याळ आणि चालकाच्या हाती केवळ अंदाज, अशी ती विषम लढाई होती. पुढे 1 ऑक्टोबर 1937 पासून तेथील नव्या मोटारींना वेगमापक सक्तीचे झाले.

उष्णतेचा मापक तर प्रथम फळीवर नव्हताच. न्यूयॉर्कच्या मोटो-मीटर कंपनीने 1912 पासून विकावयास काढलेला बॉयस मोटोमीटर रेडिएटरच्या टोपणावर बसे, आणि चालक काचेतून समोर पाहून त्यातील लाल रेषा किती चढली हे वाचीत असे. पाण्याचा पंप नसलेल्या आणि चढावर सहज उकळणाऱ्या त्या काळच्या इंजिनांना ह्या साधनाची नितांत गरज होती.

ह्या यंत्रांचे उत्पादन ज्यांनी हाती घेतले, त्यांत घड्याळजींचा भरणा होता, आणि हे स्वाभाविकच होते. बारीक दात्यांची चक्रे, केसासारख्या स्प्रिंगा आणि रंगविलेल्या तबकड्या ही त्यांचीच विद्या होती. लंडनमधील स्मिथ घराण्याची पेढी 1851 पासून घड्याळांचा धंदा करीत होती; विसाव्या शतकाच्या आरंभी ती मोटारीच्या उपकरणांकडे वळली आणि ब्रिटिश मोटारधंद्याचा बहुतेक सर्व व्यवहार तिच्या हाती आला. पॅरिसच्या एद्मों येगर ह्याचे नाव मनगटी घड्याळांइतकेच मोटारीच्या तबकड्यांवरही चमकले, आणि त्याच्या नावाची ब्रिटिश शाखा पुढे स्मिथांच्याच छत्राखाली गेली. अमेरिकेत शिकागोच्या स्ट्यूअर्ट-वॉर्नर कंपनीने हेच स्थान मिळविले.

परंतु ह्या तबकड्यांच्या इतिहासाला एक काळी किनार आहे. अंधारात काटा दिसावा म्हणून काही तबकड्यांवर रेडियम मिसळलेला रंग देत. घड्याळांना आणि विमानांच्या उपकरणांना तो विशेषेकरून लावला जाई. मोटारीच्या काही तबकड्यांवरही तो होता. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात ऑरेंज गावच्या कारखान्यात हा रंग देण्यासाठी तरुण मुली नेमलेल्या होत्या. कुंचल्याचे टोक बारीक राहावे म्हणून तो ओठांत धरून अणकुचीदार करावयास त्यांना शिकविले होते. रंग निरुपद्रवी आहे असे त्यांना सांगण्यात आले होते. त्यांच्या जबड्यांची हाडे झिजली, कित्येक मरण पावल्या. त्यांपैकी पाच जणींनी कोर्टात दाद मागितली आणि 1928 मध्ये त्यांच्याशी तडजोड झाली. कामगारांच्या आरोग्याविषयीच्या पुढील कायद्यांना ह्या खटल्याने मोठी चालना दिली. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे 1,600 वर्षांचे आहे. त्याच्याबरोबर मिसळलेला चमकणारा पदार्थ काही वर्षांतच निकामी होतो; म्हणून जुनी तबकडी आता चमकत नाही एवढ्यावरून ती निर्धोक झाली असे समजता येत नाही. भंगारबाजारात जुनी विमानी तबकडी हाती लागताच तिची काच काढून ती घासून-पुसून नवी करू पाहणाऱ्या हौशी कारागिराने ह्या मुलींची आठवण ठेवावी. काटा वाचणारा एक असतो आणि तो वाचता यावा म्हणून किंमत मोजणारा दुसराच असू शकतो.

1930 नंतर कारखानदारांचा कल हळूहळू बदलू लागला. अमेरिकेतील हडसन कंपनीने तेलाचा दाब आणि विजेचा भरणा दाखविणारे काटे काढून त्यांच्या जागी छोटे लाल दिवे लावले. महायुद्धानंतर ही पद्धत सर्वत्र पसरली. दिवा काट्यापेक्षा स्वस्त पडतो, आणि सामान्य चालकाला आकडे वाचण्याची तसदी पडत नाही, असे तिच्या बाजूने सांगता येते. ते खोटेही नव्हे. आकड्यांचा अर्थ ज्याला कळत नाही त्याला काटा निरुपयोगी आणि दिवा उपकारक आहे. पण दिवा फक्त दोनच शब्द बोलतो : ठीक, किंवा संपले. तेलाचा दिवा साधारणतः चौरस इंचास 5 ते 10 पौंडांखाली दाब उतरला म्हणजे लागतो. धावत्या इंजिनाला मात्र दर हजार फेऱ्यांस सुमारे 10 पौंड दाब हवा, असा कारागिरांचा जुना आडाखा आहे. म्हणजे दर मिनिटाला 4,000 फेऱ्या घेणाऱ्या इंजिनाचा दाब 40 वरून 15 वर घसरला तरी दिवा शांतच राहतो, आणि तो लागेपर्यंत बेअरिंगांचा निकाल लागलेला असतो. अमेरिकन यांत्रिकांनी ह्या दिव्यांना मूर्खांचे दिवे असे उपहासाने म्हटले, ते ह्याच कारणाने.

नेमक्या ह्याच काळात, कारखाने काटे काढीत असताना, घरी मोटार बांधणारे लोक ते पुन्हा लावीत होते. इंग्लंडात ह्या चळवळीचे मूळ ऑस्टिन सेव्हन ह्या छोट्या गाडीत सापडते. 1922 ते 1939 ह्या काळात ह्या गाड्या सुमारे 2,90,000 निघाल्या. युद्धानंतर त्या कवडीमोलाने मिळू लागल्या. त्यांचा सांगाडा आणि इंजिन घेऊन वर आपले स्वतःचे हलके शरीर चढवावयाचे, ह्या उद्योगाला तेथे स्पेशल बांधणे म्हणत. 1939 मध्ये स्थापन झालेल्या 750 क्लबने अशा गाड्यांच्या स्वस्त शर्यती भरवून ह्या छंदाला शिस्त लावली. कॉलिन चॅपमन ह्या तरुणाने 1948 मध्ये आपली पहिली गाडी ऑस्टिन सेव्हनवरच बांधली, आणि तीतूनच लोटस हे नाव जगासमोर आले.

1957 मध्ये आलेली लोटस सेव्हन ही तर घरी जोडण्यासाठीच सुट्या भागांत विकली जाई. ह्यामागे करपद्धती होती. 1940 पासून इंग्लंडात चालू असलेला खरेदीकर तयार मोटारीवर बसे, सुट्या भागांवर बसत नसे. मात्र सोबत जोडणीच्या सूचना देता येत नसत. तेव्हा लोटसने गाडी सुटी कशी करावी ह्याच्या सूचना दिल्या आणि त्या उलट्या क्रमाने वाचण्याचे काम गिऱ्हाइकावर सोपविले, अशी आख्यायिका सांगतात. 1 एप्रिल 1973 पासून खरेदीकराच्या जागी मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनच्या उत्पादनाचे हक्क कॅटरहॅम येथील विक्रेत्यांकडे गेले. छंद मात्र संपला नाही. 1996 मध्ये रॉन चॅम्पियन ह्यांचे अवघ्या 250 पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स मोटार कशी बांधावी हे शिकविणारे पुस्तक निघाले, आणि जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे अवयव घेऊन शेकडो छपरांत नवी हत्यारे खणखणू लागली.

ह्या कारागिरांपुढे निवड कोणती होती? पहिला स्रोत भंगारखाना. 1960 मध्ये इंग्लंडात दहा वर्षांहून जुन्या गाड्यांची सक्तीची तपासणी सुरू झाली आणि हजारो जुन्या मोटारी भंगारात निघाल्या. त्यांच्याबरोबर स्मिथ आणि येगरच्या उत्तम तबकड्याही. दुसरा स्रोत सैन्याने विकावयास काढलेला युद्धोत्तर माल. तिसरा स्रोत दुकानात मिळणाऱ्या नव्या जोड-तबकड्या. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या हॉट रॉडवाल्यांनी स्ट्यूअर्ट-वॉर्नरच्या तबकड्यांना जवळजवळ गणवेशाचा दर्जा दिला. बाहेरून घेतलेल्या ह्या तबकड्यांचे आकारही हळूहळू ठरून गेले. 52 मिलिमीटर व्यासाचे भोक आज जगभर चालते, आणि वेग व फेरे दाखविणाऱ्या मोठ्या तबकड्यांना 80 वा 100 मिलिमीटर लागतात.

परंतु भोकात बसली म्हणून तबकडी खरे बोलेल असे नाही, आणि ह्या विषयाचे मर्म येथेच आहे. तबकडी ही साक्षीदार आहे; जिच्या गाडीतून ती काढली, त्या गाडीची भाषा ती बोलते. स्मिथच्या वेगमापकाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ 1000. त्याचा अर्थ, तार 1,000 वेळा फिरली म्हणजे एक मैल झाला असे हे यंत्र मानते. आता ही तबकडी दुसऱ्या गाडीत बसविली, तिची चाके वेगळी, मागील आसाच्या दात्यांचे प्रमाण वेगळे. मग काटा मागल्या गाडीचाच वेग सांगत बसतो. ह्यावर जुन्या कारागिरांनी एक सोपा हिशेब काढून ठेवला आहे. गाडी ढकलीत मागील चाकाचे सहा फेरे पूर्ण करावेत आणि तेवढ्यात तारेचे किती फेरे झाले ते मोजावेत. त्या संख्येस 1680 ने गुणून चाकाच्या इंचांतील त्रिज्येने भागले की मैलास किती फेरे पडतात ते कळते. समजा तारेचे 7 फेरे झाले आणि त्रिज्या 11 इंच आहे; उत्तर येते सुमारे 1,069. हजाराच्या तबकडीवर अशी गाडी खऱ्या 60 मैलांना 64 दाखवील; हे फार तर अहंकाराला सुखावणारे आहे. परंतु त्याच गाडीला साडेबारा इंच त्रिज्येची मोठी चाके चढविली की उत्तर 941 वर येते, आणि खऱ्या 60 मैलांना काटा 56 वर थांबतो. हा खोटेपणा धोक्याचा आहे. ब्रिटनमध्ये 1998 पासून घरी बांधलेल्या गाड्यांची जी स्वतंत्र परीक्षा सुरू झाली, तीत वेगमापकाने थोडे अधिक दाखविलेले चालते, पण खऱ्यापेक्षा कमी दाखविलेले मुळीच चालत नाही. ह्या नियमातील शहाणपण वरील हिशेबावरून ध्यानात येईल.

फेऱ्यांच्या मापकाचेही तसेच. जुने यांत्रिक मापक तारेवर चालत. त्यांच्यातील क्रोनोमेट्रिक जातीची यंत्रे घड्याळासारखी ठरावीक क्षणांत फेरे मोजीत, म्हणून त्यांचा काटा सरकत नसे, उड्या मारीत असे. नंतरचे विद्युत् मापक ठिणग्या मोजतात. चार सिलिंडरांच्या इंजिनात एका फेऱ्यास दोन ठिणग्या पडतात, आठ सिलिंडरांत चार. आठांसाठी बनविलेला मापक चारांना लावला तर तो अर्धेच फेरे दाखवील, आणि ज्याला आपण 3,500 समजतो ते इंजिन 7,000 वर किंचाळत असेल. त्यातच ब्रिटिश गाड्यांत 1960च्या दशकाच्या मध्यापर्यंत बॅटरीची धन बाजू सांगाड्याला जोडीत, नंतर ऋण. म्हणून जुने विद्युत् मापक नव्या जोडणीत तसेच लावता येत नाहीत.

पेट्रोलच्या काट्याची भाषा ओहमांत असते. टाकीतील तरंगता गोळा वरखाली होताना विजेचा रोध बदलतो आणि काटा त्यावरून पातळी ठरवितो. पण कोणत्या रोधाला रिकामी म्हणावयाचे ह्याविषयी कारखान्यांत एकमत कधीच झाले नाही. जनरल मोटर्सच्या जुन्या गाड्यांत रिकाम्या टाकीचा रोध शून्य आणि भरलेल्या टाकीचा 90. फोर्डच्या जुन्या गाड्यांत रिकामीचा 73 आणि भरलेलीचा 10. बाजारातील सर्वसाधारण अमेरिकन जोड-तबकड्यांत 240 आणि 33. एकाचा गोळा आणि दुसऱ्याचा काटा एकत्र आणला की भरलेली टाकी रिकामी आणि रिकामी टाकी भरलेली दिसू लागते. म्हणून काटा आणि गोळा हे एका घरचे असावेत, हा नियम अनुभवी लोक प्रथम सांगतात.

तेल आणि उष्णता ह्यांच्या बाबतीत निवड यांत्रिक आणि विद्युत् अशा दोन घराण्यांतून करावयाची असते. यांत्रिक तेलमापक तत्काळ आणि प्रामाणिकपणे बोलतो. पण त्यासाठी गरम तेलाची बारीक तांब्याची नळी चालकाच्या गुडघ्यांपर्यंत आणावी लागते, आणि थरथरीने ती तुटली तर तेल पायांवर येते. म्हणून तिला वाटेत एकदोन वेटोळी देतात. यांत्रिक उष्णतामापकाची नळी कारखान्यातच भरून बंद केलेली असते. ती कापली की यंत्र संपले. विद्युत् मापकांना ही भीती नाही. पण त्यांची सत्यता तारांच्या आणि भूजोडणीच्या स्वच्छतेवर अवलंबून राहते. विजेच्या बाबतीत जुन्या गाड्यांतील ॲमीटरमधून सगळा प्रवाह फळीपर्यंत येई. आल्टर्नेटर आल्यावर प्रवाह वाढला, जाड तारा जळण्याचा धोका वाढला, आणि व्होल्टमीटरने त्याची जागा घेतली. बंद गाडीत सुमारे 12.6 आणि चालू गाडीत 14 च्या आसपास व्होल्ट दिसले की बॅटरी सुखरूप आहे असे समजावे.

मांडणीविषयी शर्यतीच्या गाड्यांनी एक उत्तम धडा घालून दिला आहे. तेथे तबकड्या आपल्या खोबणीत फिरवून अशा बसवीत की सर्व काही यथास्थित असताना प्रत्येक काटा सरळ वर उभा राहावा. मग आकडा वाचावा लागत नाही. एखादा काटा कलला की नजरेला ते खटकते. फेऱ्यांचा आणि तेलाचा काटा दृष्टीच्या रेषेत, पेट्रोलचा बाजूला, घड्याळ हवे तर कोपऱ्यात. आजच्या ब्रिटिश परीक्षेत फळीच्या पुढे आलेल्या कडांची गोलाई निदान 2.5 मिलिमीटर त्रिज्येची असावी असाही दंडक आहे. कारण अपघातात हीच फळी चालकाच्या कपाळाशी येते.

आपल्याकडे असा छंद फारसा रुजला नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम कारखानदाराने ठरविलेल्या स्वरूपात मूलभूत बदल करण्यास मज्जाव करते, आणि घरी बांधलेल्या गाडीची नोंदणी ही येथे वेगळीच तपश्चर्या आहे. तथापि बेळगावपासून फार दूर नसलेल्या इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी ह्यांनी 1940च्या दशकाच्या अखेरीपासून मीरा नावाची छोटी मोटार स्वतःच्या बुद्धीने आणि हाताने घडविली, हे मराठी वाचकाने विसरू नये. ती बाजारात आली नाही. पण यंत्र समजून घेण्याची जी वृत्ती इंग्लंडातील छपरांत होती, ती आपल्या मातीतही होती, ह्याची ती साक्ष आहे.

कारखान्याने दिलेल्या दिव्याकडे पाहत बसणारा मनुष्य आपल्या यंत्राची जबाबदारी दुसऱ्यावर सोपवितो. स्वतः तबकडी निवडणारा ती स्वतःकडे घेतो, आणि म्हणूनच त्याने शोभेपेक्षा सत्याला अधिक मान द्यावा. चकचकीत कड्यांच्या बारा तबकड्या आणि त्यांतील एकही तपासून घेतलेली नाही, ह्यापेक्षा पारखून घेतलेल्या चारच असणे बरे. जुन्या घड्याळजींनी आपल्या यंत्रांवर आपले नाव रंगविले, ते सौंदर्यासाठी खरेच. पण त्यात एक हमीही होती की काटा जे सांगतो त्याला आम्ही जबाबदार आहोत. घरी मोटार बांधणाऱ्याच्या फळीवर त्याचे नाव नसेल, परंतु ती हमी आता त्यालाच द्यावयाची असते.